दादर वेस्टच्या भाजीवाल्या मावश्या: कुठल्या सीझनला काय घ्यायचं

आधीच सांगून टाकतो. मुंबईत सीझनची भाजी खायची असेल, आणि सीझनची म्हणजे खरोखर त्या पंधरा-वीस दिवसांतच मिळणारी, तर दादर वेस्टला स्टेशनबाहेर जमिनीवर पाट्या मांडून बसणाऱ्या मावश्यांना तोड नाही. पार्ल्याचं मार्केट बघितलंय, ग्रँट रोडची भाजी गल्ली बघितलीय, दोन्ही चांगली आहेत, ग्रँट रोडला तर उंधियोचं सामान दादरपेक्षा सरस मिळतं, पण आपल्या घरात जे शिजतं ना, अळूचं फदफदं, टाकळा, शेवळं, ऋषीची भाजी, भोगीची भाजी, त्यासाठी दादरच. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

हा रिव्ह्यू अख्ख्या दादर मार्केटचा नाहीये. प्लाझाजवळची मंडई वेगळी, केशवसुत पुलाखालचं फुलमार्केट वेगळं, पहाटे सेनापती बापट मार्गावर होलसेलचा भाजीबाजार भरतो तोही वेगळा. मी बोलतोय ते वसई, सफाळे, केळवे, पालघर, वाणगाव, डहाणू इकडून सकाळच्या गाड्यांनी येणाऱ्या बायकांबद्दल, ज्या मालडब्यातून पाट्या आणि बोचकी उतरवतात आणि रानडे रोडच्या तोंडाशी, छबिलदास गल्लीच्या आसपास, जिथे हातभर जागा मिळेल तिथे गोणपाट टाकून बसतात. 2013 ला लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत गेली त्याचा आपल्यासारख्या खाणाऱ्यांना केवढा फायदा झालाय. काल संध्याकाळी रानातून खुडलेली भाजी आज सकाळी दादरला मिळते, अजून काय पाहिजे.

आता यांच्यात खास काय, तर या बायका भाजी पदार्थाच्या हिशोबाने विकतात. म्हणजे अळूची जुडी मागितली की त्या विचारणार, वडीला पाहिजे का भाजीला? वडीचं अळू काळ्या दांड्याचं, भाजीचं हिरव्या दांड्याचं, आणि भाजीचं घेतलं की न विचारता त्याच्यावर आंबट चुक्याची छोटी जुडी आणि एक मुळा ठेवतात कारण फदफद्यात ते लागतंच. शेवळं घेतली की सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी अख्ख्या भाजीचा तयार वाटा. ही जोड्या लावून द्यायची पद्धत मला दुसऱ्या कुठल्याच मार्केटमध्ये इतकी पक्की दिसली नाही. दुकानात अळू एका ट्रेमध्ये, चुका असला तर दुसऱ्या टोकाला, काकडं तर नाहीतच, मग माणूस काय शिजवणार आणि कसं शिजवणार. ज्यांच्या घरात आई-आजी नाहीत सांगायला त्यांच्यासाठी तर या मावश्या म्हणजे खूप मोठा आधार आहे.

आमच्या घरी बाजार आणि संध्याकाळचं जेवण दोन्ही माझ्याकडे. मी कुडाळकडचा, बायको ठाण्याची सीकेपी, त्यामुळे घरात दोन्हीकडचं चालतं, आणि पावसाळा तोंडावर आला की बायकोचा एकच प्रश्न, शेवळं आली का?

शेवळं म्हणजे पावसाळ्याची खरी सुरुवात. मेच्या शेवटाला, पहिली सर पडते न पडते तोच येतात आणि जून सरेपर्यंत गायब. जमिनीतल्या कंदातून पानाच्या आधी हे फुलाचं कोंब वर येतं, तेच आपण खातो. घेताना मिटलेली, टोकदार, कडक बघून घ्यायची. उघडलेली घेऊ नका, पूर्ण फुललं की त्याला वास मारायला लागतो. आणि ही भाजी खाजरी आहे हे लक्षात ठेवा, अळू-सुरणात असतात तसे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक याच्यातही असतात, तेच घशाला टोचतात, म्हणून आंबट लागतंच लागतं. यासाठीच काकडं. छोटी हिरवी आंबट फळं असतात, जंगली झाडाची, याच दिवसांत येतात, जणू शेवळासाठीच येतात. मी जिच्याकडून घेतो ती सफाळ्याकडची मावशी काकडं घेतल्याशिवाय शेवळं देतच नाही. एकदा माझ्यासमोर एका मुलाने नुसती शेवळं मागितली तर ती म्हणाली, "काकडं नाय तर शेवळं नाय. घसा धरला तर माझ्या नावाने बोंबलशील." तो बिचारा गोंधळला, मग तिने त्याला बसवून सगळी रेसिपी सांगितली, मागे गिऱ्हाइकं उभी होती तरी. मुलाने मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलं. मला फार आवडलं ते.

घरी आणल्यावर हाताला तेल लावायचं, वरचं आवरण काढायचं, आतल्या दांड्याचा तो पिवळसर दाणेदार भाग असतो तो काढून फेकायचा, तोच जास्त खाजतो, आणि उरलेलं अगदी बारीक चिरायचं. काकडं ठेचून पाण्यात कुस्करून त्याचा रस गाळून ठेवायचा. मग चिरलेली शेवळं तेलावर चांगली परतायची, इथे घाई नाही करायची, रंग उतरून ती मऊ होऊन तळाला बसली पाहिजेत, तेल जरा सढळ हाताने, मग काकडाचा रस, आणि त्यात उकळी आली की पुढचं सगळं. आमच्याकडे सिटीलाइटच्या मच्छीबाजारातून कोलंबी आणून घालतात, बायकोच्या आईकडे खिमा, सोमवार असला तर कडवे वाल. ओल्या खोबऱ्याचं वाटण, गरम मसाला. शिजल्यावर ती भाजी दिसायला काहीच खास नसते, काळपट तपकिरी, पण चवीला जे काही लागते, मांसाहारी माणसालाही वाटावं की यात काहीतरी मटणासारखं आहे. तांदळाच्या भाकरीबरोबर खा. दुसऱ्या दिवशी अजून मुरते. आणि वर्षातून एकदाच होते, दोनदा झाली तर नशीब, कारण मावशी येतेय आणि आपण त्या दिवशी दादरला आहोत हे जुळायला लागतं.

काकडं नाही मिळाली तर चिंच चालते. पण चव तीच येत नाही हे मी बायकोसमोरही मान्य केलंय.

जूनचा दुसरा-तिसरा आठवडा लागला की टाकळा. हा आमच्या कोकणातला, मळ्याच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला कुठेही उगवतो, गावी विकत कोण घेत नाही. मुंबईत मात्र कोवळा टाकळा बघून घ्यावा लागतो, पहिल्या पावसानंतरची टोकाची पानं तेवढी चांगली, नंतर तो उग्र होत जातो. कांदा, लसूण, हिरवी मिरची, वरून भरपूर ओलं खोबरं, आणि उन्हाळ्यात खाल्लेल्या फणसाच्या आठळ्या जपून ठेवल्या असतील तर त्या ठेचून घालायच्या. हा आठळ्यांचा सल्ला पण एका मावशीनेच कुणा बाईला दिलेला मी ऐकला आणि मला एकदम आईचं स्वयंपाकघर आठवलं. आम्ही आठळ्या मातीत घोळवून वाळवून ठेवायचो.

त्याच सुमारास फोडशी येते, काही जण कुलूची भाजी म्हणतात, गवतासारखी किंवा कांद्याच्या पातीसारखी दिसते, पाहून बरेच लोक पुढे जातात. जाऊ नका. मुळाकडच्या बाजूला माती अडकलेली असते म्हणून पाण्यात दोन-तीनदा चांगली खळबळून घ्या, मधला कडक दांडा असेल तर काढा, बारीक चिरा, कांदा आणि भिजवलेली मुगाची डाळ घालून परता. चवीला सौम्य आहे, पोरं पण खातात. भारंगी मात्र कडू, ती उकडून पाणी पिळून टाकावं लागतं, वालाबरोबर चांगली लागते. कुर्डू, लोत, दिंडा, बांबूचे कोंब सगळं येतं. कोंब, ज्याला वास्ते म्हणतात, ते रात्रभर पाण्यात ठेवून पाणी बदलून उकडूनच खायचे, कच्चे नाही, हे मावशी सांगतेच, तरी तुम्हीही लक्षात ठेवा.

एक सांगतो, ओळख नसलेली रानभाजी फक्त नावावरून घेऊ नका. विचारा. कुठली आहे, कशी साफ करायची, उकडायची का, आंबट घालायचं का. ज्या बाईला हे सगळं फटाफट सांगता येतं तीच घरून खुडून आणते असं समजा. जिला सांगता येत नाही तिने ती कुठून तरी विकत घेऊन बसवलेली असते, ती शिळी पण असू शकते. माझी निवडायची पद्धत ही एवढीच.

जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, श्रावणात तर बऱ्याच घरात मासे-मटणही बंद, आणि त्याच दोन-अडीच महिन्यात रानभाज्यांची इतकी गर्दी असते की मला तरी माशांची आठवण कमी येते. मालवणी माणसाने हे लिहिणं म्हणजे बघा. आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी, थालीपीठ, भरल्या वांग्यांचा शेवटचा हात मारून घ्यायचा, चातुर्मास पाळणाऱ्या घरातून मग कांदा-वांगं-लसूण बाहेर. आम्ही पाळत नाही पण कांदेनवमी मात्र करतो!

गणपतीच्या आधीचे दोन दिवस इथे जायचं तर मनाची तयारी करून जा. गर्दी अशी की स्टेशनच्या जिन्यावरूनच माणूस आपोआप ढकलला जातो. पण पत्री, दुर्वा, केवडा, हळदीची पानं हे सगळं एका फेरीत होतं. हळदीची पानं घेताना लांब आणि न फाटलेली बघा कारण पातोळ्या करायच्या तर पिठी पसरायला पान अख्खं हवं, आणि दोन पानं जास्तीची घ्या, मोदक उकडताना चाळणीत खाली घालायला, तो वास मोदकाला लागतो ना, काय सांगू. नारळ मी इथे घेत नाही, त्यात खवट निघायची भीती जास्त, आमचा ठरलेला वाणी आहे.

चतुर्थीलाच ऋषिपंचमीचा वाटा घेऊन ठेवा. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही असा तो उपास, म्हणून परसातलं, हाताने लावलेलं, आपोआप उगवलेलं तेवढंच. वाट्यात अळू, लाल माठ, भेंडी, शिराळं, पडवळ, सुरणाचा तुकडा, लाल भोपळा, मक्याचं कणीस, अंबाडे, हिरवी मिरची असं सगळं थोडं थोडं असतं. हे सगळं वेगवेगळं घ्यायला गेलात तर प्रत्येकाचं पाव किलो होऊन आठवडाभर तीच भाजी खात बसाल, इथे चार माणसांच्या अंदाजाने एकत्र मिळतं, भाव सणाचा असतो तरी परवडतं. मी ती भाजी करताना तेल-फोडणी काही देत नाही, अळू-माठ खाली, वर कंद आणि कणसाचे तुकडे, अंबाडे ठेचून, मिठाची चव आणि शेवटी लोण्याचा गोळा. मसाला नाही, हळद नाही, आणि तरी प्रत्येक भाजी आपली वेगळी चव सांगते. उपास नसलेली माणसंही आमच्याकडे त्या दिवशी तीच जेवतात.

दिवाळीला इथून मी फक्त कारिटं आणि झेंडू घेतो. बाकी फराळाचं सामान वेगळीकडून. कारिटाला चवीचा संबंध नाही, नरकचतुर्दशीला अंगठ्याखाली फोडायचं, पण ती कडू फळं पण याच बायका आणतात, इतक्या मोठ्या शहरात दुसरीकडे शोधायला गेलात तर दमाल.

थंडी. मुंबईत थंडी म्हणण्याएवढी पडत नाही पण पाटीत ती दिसते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून वालपापडी, पावट्याच्या शेंगा, तुरीच्या शेंगा, सोलाणे, लसणाची हिरवी पात, ओली हळद, आंबेहळद, जांभळं कोनफळ. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यांचं वांगं परत ताटात. ओल्या हळदीचं लोणचं करून बघा, आल्यासारखी सोलून बारीक चकत्या, लिंबू, मीठ, हिरवी मिरची, दोन दिवसात मुरतं. हात आणि ओटा पिवळा होतो तेवढं सहन करायचं.

तुरीच्या शेंगा मात्र मला या सीझनची सगळ्यात भारी गोष्ट वाटतात आणि त्यांचं कौतुक कमीच होतं. मिठाच्या पाण्यात नुसत्या उकडायच्या, टीव्ही बघत सोलून खायच्या. दाणे उरले तर आमटी. कोवळे दाणे आणि लसणाची पात यांची आमटी आणि गरम भात असला की दुसऱ्या भाजीची गरजच नाही. सोललेले दाणे पिशवीत भरून पण मिळतात, घेऊ नका, ते पाण्यात ठेवून फुगवलेले असतात बऱ्याचदा, शेंग घ्या, सोलायला घरातल्यांना बसवा, गप्पा होतात.

भोगीच्या आदल्या दिवशी परत तेच, भोगीचा वाटा. पावटा, घेवडा, वांगी, गाजर, हरभरा, बोरं. आणि सुगडाचा वाटा वेगळा, त्यात उसाची कांडी, गव्हाच्या ओंब्या. मी भाजीत तिळाचं कूट जरा जास्तच घालतो आणि बोरं शेवटी घालतो म्हणजे फुटत नाहीत. बाजरीच्या भाकरीला तीळ लावताना भाकरी थापून झाल्यावर वरून ओला हात फिरवायचा, मग तीळ पेरून हलकेच दाबायचे, नाहीतर सगळे तव्यावर उडतात. लोण्याचा गोळा पाहिजेच. ही भाजी थंडीतच का करतात हे ती खाताना पोटाला कळतं, तीळ, बाजरी, लोणी, सगळं अंगात ऊब आणणारं.

फेब्रुवारी सरत आला की अलिबागचा पांढरा कांदा वेण्या घालून येतो. याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, गोडसर असतो, कच्चा खायला याच्यासारखा नाही. कांद्याची वेण घरात हवेशीर टांगून ठेवली की पाऊस येईपर्यंत पुरते. आणि त्याच सुमारास ओले काजूगर. हे नगावर विकतात, महाग आहेत, ते मान्य, पण त्या टरफलाच्या चिकाने त्या बायकांच्या बोटांची काय अवस्था होते ती एकदा बघा म्हणजे घासाघीस करावीशी वाटणार नाही. बोटांची कातडी काळी पडून सोलवटलेली असते. मी भाव करत नाही त्यांच्याशी, शंभरचे दीडशे सांगितले तरी. गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवले की आतलं साल सुटतं, मग उसळ, आमच्याकडची, काळ्या वाटाण्याला करतो त्याच वाटणाची, फक्त तिखट कमी. काजूची गोडी मारायची नाही.

चैत्र-वैशाखात कैरी, आंबेडाळ, पन्हं, तक्कू, करवंदं, ताडगोळे, जाम, रातांबे. करवंदं पळसाच्या द्रोणात देतात अजूनही काही जणी. डहाणू-घोलवडचा चिकू, वसईची सुकेळी, आणि मे संपताना बहाडोलीची टपोरी जांभळं. सुकेळी नवीन लोकांना माहीत नसतात, राजेळी केळी सुकवून केलेली असतात, चिवट, मधासारखी गोड, डब्यात ठेवली की मुलं येता-जाता खातात. ताडगोळा कोवळाच घ्या, बोटाने दाबून बघा, मावशी चिडत नाहीत, कडक लागला तर आत नुसतं रबर.

आता अर्धा स्टार. तो गेला आंब्यापायी. रानभाजीवाल्या मावश्यांचा यात काही दोष नाही, पण त्यांच्या शेजारी सीझनमध्ये जे आंब्याचे स्टॉल उभे राहतात त्यातल्या एकाने मला मागच्या मेमध्ये देवगड म्हणून जी पेटी दिली त्यात वरची रांग देवगड आणि खाली सगळा दुसरीकडचा माल, चव पाणचट. 2018 ला हापूसला जीआय मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांचा, तरी रस्त्यावर कागदी लेबलं कुणीही चिकटवतं. तेव्हा आंबा घ्यायचा तर पेटी पूर्ण उघडून, खालचा थर बघून, देठाजवळ वास घेऊन. रंगावर जाऊ नका, पिवळाधमक आणि वास नाही म्हणजे समजून जा. फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे पण आपलं नाक हाच खरा चेक. मी आता आंबा गावाहून मागवतो, रसासाठी पायरी तेवढी दादरला घेतो.

दुसरी तक्रार जागेची, आणि ती मावश्यांच्या बाजूने आहे. 2017 ला हायकोर्टाने स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले नकोत असा आदेश दिला, तेव्हापासून यांचं बसणं अजूनच बेभरवशाचं झालंय. पालिकेची गाडी आली अशी नुसती हाक आली की चारी टोकं एकत्र करून गोणपाटाचं बोचकं पाठीवर आणि बाई गल्लीत. मी हे डोळ्यांनी बघितलंय, त्या गडबडीत अळूची पानं चिरडतात, करवंदांचा चिखल होतो, सकाळी चार वाजता उठून आणलेला माल. चालायला रस्ता मोकळा पाहिजे हे मला पटतं, मी पण त्याच गर्दीतून स्टेशन गाठतो. पण या पंचवीस-तीस बायकांना सकाळी चार तास बसायला एक ठरलेला कोपरा आणि जवळ एक स्वच्छ संडास एवढं करायला काय हरकत आहे? दिवसभर पाणी कमी पितात त्या, कारण जायचं कुठे. मला याचं फार वाईट वाटतं.

पावसाळ्यात पायाखाली चिखल, पानांचा राडा, घसरायला होतं. चांगली पकड असलेल्या चपला घाला. पाकीट पुढच्या खिशात.

वेळ सकाळी आठ ते दहाची बेस्ट. अकरानंतर चांगला माल उचललेला असतो आणि बऱ्याच जणी दुपारची परतीची गाडी धरतात. संध्याकाळी पण काही जणी असतात, तेव्हा भाव कमी पण पालेभाजी मान टाकलेली. एकादशीला, श्रावणी सोमवारी आणि सणाच्या आदल्या दिवशी भाव चढतो, घाई नसेल तर टाळा. कापडी पिशव्या दोन-तीन घेऊन जा, 2018 पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, आणि एकात सगळं कोंबलं तर कोवळी पानं खाली दबून काळी पडतात, एक पिशवी फक्त पाल्याला ठेवा. सुटे पैसे ठेवा. आता बऱ्याच जणींकडे क्यूआर कोड आलाय पण तो कधी कधी मुलाच्या किंवा शेजारणीच्या खात्याचा असतो, रोख दिली की त्यांना परतीच्या तिकिटाला आणि चहाला उपयोगी पडते.

पहिल्यांदाच जाणार असाल आणि एवढ्या नावांनी गोंधळायला झालं असेल तर जुलैच्या मध्यावर जा आणि कंटोळी घ्या. काटेरी कारल्यासारखी दिसतात पण कडू नाहीत, साफ करायची कटकट नाही, उकडायची नाहीत, आंबट घालायचं नाही. हिरवीगार आणि छोटी बघून घ्या, पिवळट झाली की आतल्या बिया दगडासारख्या होतात. पातळ चकत्या करा, मीठ, हळद, लाल तिखट चोळून दहा मिनिटं ठेवा, मग लोखंडी तव्यावर जरा जास्त तेलात मंद आचेवर दोन्ही बाजूंनी कडा कुरकुरीत होईपर्यंत. वरणभात, लिंबू, बाजूला ही कंटोळी. पुढच्या वेळी मावशीला सांगा कशी झाली होती, ती लगेच पुढची भाजी काढून दाखवते.